ताई म्हणू नका

सॅनिटरी पॅड बनवणाऱ्या एका कंपनीच्या हेल्पलाइनवर ती केस काळेभोर होते तेव्हापासून बसत होती. खिडकीशेजारचं टेबल, कानाला हेडफोन, समोर पाण्याची बाटली. फोन आला की तिचे पहिले दोन शब्द ठरलेले असत, "बोला ताई." पलीकडे शाळकरी पोर असो की पन्नाशीची बाई, त्या 'ताई'ने तिच्या जिभेची गाठ सुटायची. आईला न सांगितलेलं, नवऱ्यापासून लपवलेलं सगळं बायका तिच्या कानात ओतायच्या. नुसत्या आवाजावरून माणूस ओळखते, असा तिला थोडा तोराही होता.

एके दिवशी मार्केटिंगची प्रमुख, वयाने तिच्या लेकीएवढी, सगळ्यांना बोलावून नवीन पाकीट टेबलावर ठेवती झाली. जुनं गुलाबी फूल गेलं होतं, लांब केसांच्या बाईचं चित्र गेलं होतं. 'खास महिलांसाठी' हेही गेलं होतं. त्या जागी होतं, 'पाळी येणाऱ्या प्रत्येकासाठी'.

"आणि फोनवर यापुढे ताई म्हणू नका," मुलगी म्हणाली. "मावशी नाही, बाई नाही. नुसतं नमस्कार, बोला."

ती बघतच राहिली. "का गं? ताई म्हणजे काय शिवी आहे?"

"शिवी नाही हो. पण पाळी येणारे सगळेच स्वतःला बाई समजत नाहीत."

"मग काय समजतात?"

"काही जण पुरुष समजतात. आणि ते असतात."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. तिला हसू आलं नाही. इतकी वर्षं ज्या शब्दावर भाकरी कमावली तोच कुणी तोंडातून काढून घ्यावा, तसं झालं तिला.

घरी नणंदेने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली होती. "पाळी येणाऱ्या प्रत्येकासाठी," तिने मोठ्याने वाचलं आणि पाकीट ओट्यावर आपटलं. "म्हणजे पिशवीबरोबर मलाही बाईतून काढली म्हणायची! जन्मभर बाई म्हणून सोसलं, आता नाव घ्यायची वेळ आली तर यांना शब्द जड झाला!"

तिलाही तेच वाटत होतं.

पाकीट दुकानात आलं आणि फोनचा भडिमार सुरू झाला. बायका रागावून बोलत. एक म्हणाली, "शाबास, उशिरा का होईना." पण जास्त गलका होता तो पुरुषांचा, ज्यांनी जन्मात पॅडचं पाकीट हातात धरलं नसेल त्यांचा. त्यात टवाळही होते. "ताई, मलाही आली हो पाळी," म्हणायचं आणि मागे मित्रांची खी-खी. असे फोन ती तडकाफडकी तोडायची.

अशाच एका दुपारी फोन आला. आवाज भारदस्त, घोगरा.

"मला खूप रक्त जातंय. मी घाबरलोय."

त्या 'घाबरलोय'ने तिच्या डोक्यात तिडीक गेली. "लाज नाही वाटत? घरी आया-बहिणी आहेत की नाहीत?" म्हणून तिने फोन तोडला.

लगेच पुन्हा वाजला.

"ठेवू नका," तोच आवाज म्हणाला. "मी थट्टा करत नाहीये. मी जन्माला मुलगी म्हणून आलो. पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं घेतो, त्यामुळे पाळी बंद होती. कालपासून अचानक सुरू झालंय, तासाभरात पॅड भरतंय. उभं राहिलो की अंधारी येते."

बोलताना त्याचे दात वाजत होते. तिने हेडफोन कानाशी घट्ट दाबला. आपण आत्ता काय म्हणालो याला?

जे विचारायचं ते तिला पाठ होतं, पण जीभ अडखळली. एकट्या आहात? एकटे आहात? असल्या साध्या प्रश्नावर ती उभ्या आयुष्यात अडली नव्हती.

"एकटे आहात का?" शेवटी तिने विचारलं.

"हो. एकटाच."

"मग दवाखान्यात का नाही गेलात?"

"मागे गेलो होतो. बायकांच्या विभागात बाकावर बसलो तर बायका म्हणाल्या, बायको कुठाय? नर्सने बाहेर काढलं. तुमच्या पाकिटावर 'प्रत्येकासाठी' वाचलं, म्हणून वाटलं, इथे तरी..."

वाक्य अर्धंच राहिलं. तिने त्याचा पत्ता लिहून घेतला, त्याचा फोन स्पीकरवर टाकला आणि दुसऱ्या फोनवरून दवाखाना लावला.

"पेशंट बाई ना?" तिथल्या कारकुनाने विचारलं.

"गर्भपिशवीतून रक्तस्राव होतोय. चक्कर येतेय. गाडी पाठवा."

"ते कळलं हो, पण बाई ना? आवाज तर मागून पुरुषाचा—"

"माणूस आहे!" ती ओरडली. "जीव आहे त्यात! आधी गाडी पाठवा!"

सगळा मजला वळून बघायला लागला. तिचा चढलेला आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

गाडी येईपर्यंत तिने त्याला बोलतं ठेवलं. पुढे कळलं, पिशवीत मोठी गाठ होती, रक्त चढवावं लागलं. आठवडाभराने त्याने स्वतः फोन केला. "मी बरा आहे. तेवढंच सांगायचं होतं."

"पहिला फोन मी तोडला," ती कशीबशी म्हणाली. "जे बोलले त्याची माफी..."

"त्यात काय," तो सहज म्हणाला. "सवय आहे."

त्या 'सवय आहे'ने ती जी सुन्न झाली, ती घरी पोचेपर्यंत. ताट पुढे आलं तरी हात लावेना. नणंदेने खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. आता ही पाकिटावर घसरणार, अशी तिची खात्री होती. नणंदेचा घास हातातच राहिला.

"रक्त जातंय म्हणाला, आणि तू फोन ठेवलास?"

घास ताटात परत गेला. मग नणंद पुटपुटली, "दोन्ही लिहा म्हणावं पाकिटावर. बायका पण, आणि बाकीचे पण. शाईला काय धाड भरलीय?"

तिने ते ऑफिसात सांगून पाहिलं. मार्केटिंगच्या मुलीने कपाळाला हात लावला. "दोन्ही लिहिलं तर दोन्हीकडचे तुटून पडतील." पाकिटाचं भांडण अजून मिटलेलं नाही.

ती मात्र आता आधी ऐकते. पलीकडचं माणूस 'मी घाबरले' म्हणतंय की 'घाबरलो', तेवढं कानावर पडू देते. 'घाबरले' आलं की नियम गुंडाळून ठेवून खुशाल 'ताई' म्हणते. 'घाबरलो' आलं तर 'सांगा, मी ऐकतेय' म्हणते. पुढे पोरांची खी-खी ऐकू येणार की दात वाजलेले, हे तिला अजून ओळखता येत नाही. तेवढ्या वेळात तिच्या तळहाताला घाम फुटतो. पण फोन ती ठेवत नाही.