अवी हाय

‘शुद्ध’ हा शब्द ऐकला की माझं डोकं अजून फिरतं.

आमचं गाव पुणतांबा. घरात सगळे ‘हाय’ म्हणायचे. बा मळ्यात हाय, दूध हाय का. शाळेत मराठीच्या बाईंनी या एका ‘हाय’पायी माझ्या हातावर किती पट्ट्या मारल्या. ‘आहे’ म्हण, शंभरदा लिही. लिहिलं. मग घरीही मी ‘आहे’ म्हणू लागले, आणि पाहुण्यांसमोर वडील ‘हाय’ म्हणाले की त्यांना डोळ्यांनी गप्प करू लागले. बाईंपेक्षा मला वडिलांना गप्प करणाऱ्या त्या मुलीचाच राग जास्त येतो.

पुढे हिब्रू आली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले शनवार तेली, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. त्यांचा हिब्रू उच्चार जगाने प्रमाण मानला आणि आपल्याकडे शाळाशाळांत हिब्रू शिकवू लागले. मला ती शिकवायची होती. त्यासाठी नगरला तोंडी परीक्षा असे. समोर तीन परीक्षक, कागदावर एकच ओळ : ‘अवी हाय’. हिब्रूत ‘अवी’ म्हणजे माझे वडील, ‘हाय’ म्हणजे जिवंत. अर्थ मला पक्का माहीत होता. पण घाबरल्यावर जिभेला पट्टी आठवली आणि मी खणखणीत वाचलं, “अवी आहे.”

तिघेही पोट धरून हसले. मी नापास.

घरी येऊन सांगितलं तेव्हा वडील जेवत होते. हातातला घास तसाच राहिला.

“मंजी त्येंच्यात बी हायच म्हंत्यात?”

“हो.”

“मंग मला का गप करत हुतीस?”

मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

पुढच्या वर्षी पुन्हा गेले. वडिलांना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. ओळ तीच निघाली. “अवी हाय,” मी वाचलं. मधले परीक्षक खूश झाले. “आता कसं शुद्ध आलं,” म्हणाले. तो कागद त्यांच्या तोंडावर भिरकावावा असं वाटलं मला. त्यांनी प्रमाणपत्राचा फॉर्म पुढे ओढला.

“वडील आहेत?”

“न्हाई.”

“नाही,” त्यांनी मान वर न करता दुरुस्त केलं.

“न्हाई,” मी पुन्हा म्हणाले.