वहिनीने शब्द मोडला

नणंदेने भावजयीचं कौतुक केलं की लोकांना संशय येतो, हिचं काहीतरी काम अडलेलं असणार. माझं काही अडलेलं नाही. उलट दुकान उघडल्यापासून वहिनी मलाच धारेवर धरते. टॉवेलची घडी नीट घाल, तुटलेला दोरा जमिनीवर टाकू नकोस, गिऱ्हाइकापुढे जांभया देऊ नकोस. दुकान तिचं आहे. केस कापायची मोठी खुर्ची तिची, आणि खिडकीपाशी भुवया करायची लहान खुर्ची माझी. दोन आरसे, एक बेसिन आणि पडद्यामागे चहाची शेगडी, एवढाच आमचा पसारा. दिवसभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू असतो, पण एका बाबतीत ते तोंड शिवलेलं. खुर्चीत बसून कुणी नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, साहेबाबद्दल काही बोललं, तर ते उंबऱ्याबाहेर जात नाही. "खुर्चीतलं खुर्चीत," असं ती म्हणते आणि बायका घडाघडा बोलायला लागतात. मी एकदा अशीच एक गंमत जेवताना दादाला सांगायला गेले, तर तिने मला भरल्या ताटावरून उठवायचंच काय ते बाकी ठेवलं. बायका तिच्याकडे येतात त्या कात्रीपेक्षा या वाक्यासाठी येतात, असं माझं मत आहे. कात्री आपली बरी चालते.

वहिनी सगळ्या गिऱ्हाइकांना टोपणनावं ठेवते. पोस्टात खिडकीवर बसणाऱ्या बाईंची मुलगी म्हणजे भिंगरी. लहान असताना तिला खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवायचो, तर ती फळीवरही ठरायची नाही. वहिनीने तिच्या कानामागे कात्री नेली की आम्ही दोघीही श्वास रोखून धरायचो. ती भिंगरी आता दहावीत गेली होती. एका दुपारी, शाळेच्या वेळेत, डोक्याला रंग लावलेल्या शिलाईवाल्या काकूंच्या भुवया मी करत असताना ती आली आणि मोठ्या खुर्चीत बसली ती बसलीच. इकडे-तिकडे बघणं नाही, बाटल्यांची झाकणं उघडून वास घेणं नाही.

"मावशी, सगळे काप. मुळापासून."

वहिनीने केसांत बोटं घातली. आत गुंताच गुंता होता. कित्येक दिवसांत कंगवा लागलेला नव्हता.

"कापते. पण आधी गुंता सोडवणार. गुंत्यावर मी कात्री चालवत नाही, माहीत आहे ना तुला?"

हा तिचा जुना हट्ट. घाईघाईने केस उडवायला आलेल्या बाईचा गुंता ती टोकाकडून, एकेक बट सुटी करत, जाड दातांच्या कंगव्याने सोडवत बसते. निम्म्या बायकांचा कापायचा विचार तेवढ्यात बदलतो. म्हणजे आमचं गिऱ्हाईक गेलं, असं मी म्हणते आणि ऐकून घेते.

भिंगरी आरशाकडे न बघता म्हणाली, "कशाला सोडवत बसतेस? पुढे कोण बघणार आहे?"

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. या वयाच्या मुली असं तुटक बोलतातच. पण वहिनीचा कंगवा थांबला.

"पुढे कोण बघणार म्हणजे काय गं?"

"काही नाही." मग थोड्या वेळाने, "तू कुणाला सांगणार नाहीस ना?"

"खुर्चीतलं खुर्चीत," वहिनी म्हणाली. सवयीने म्हणाली. कुलूप लावल्यावर हात आपोआप ते ओढून बघतो ना, तसं. आपण काय कबूल करतोय हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

मग तिने विचारलं. बेसिनपाशी 'पाणी गरम लागतंय का' असं विचारते त्याच आवाजात. "मरायचं येतं का मनात तुझ्या?"

माझ्या हातातला दोरा तुटला. या बाईला काही पाचपोच आहे का, मी मनात म्हटलं, पोरीच्या डोक्यात नसेल ते घालतेय! पण भिंगरीचे खांदे एकदम खाली आले.

"रोज," ती म्हणाली.

तिने जे सांगितलं ते सगळं मी इथे लिहिणार नाही. मैत्रिणींनी तिला बाजूला टाकलं होतं. झोप उडाली होती, वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं. आपण नसलो तर घरच्यांना बरंच पडेल, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं, आणि पुढचंही ठरवलं होतं. बोलताना ती रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. वहिनीने एकदाही 'वेडी आहेस का' म्हटलं नाही. 'तुला काय कमी आहे' म्हटलं नाही. तोंडाचा पट्टा बंद, फक्त कंगवा चालू. शेवटची बट सुटली तेव्हा ती खुर्चीसमोर येऊन खाली बसली.

"मी तुला शब्द दिला, ते चुकलं माझं. ऐकायच्या आधी द्यायला नको होता. हा शब्द मी पाळणार नाही. तुझ्या आईला फोन करते. चोरून नाही, तुझ्यासमोर करते."

भिंगरी ताडकन उठली. गळ्यात कापड तसंच. "तू म्हणालीस खुर्चीतलं खुर्चीत! खोटारडी आहेस तू!"

"आहे."

"मी जाते."

"दार उघडं आहे. पण मी अशीच, हातात कंगवा घेऊन, तुझ्या मागे येणार. रस्त्यात लोक बघतील ते बघतील."

"मी जन्मात बोलणार नाही तुझ्याशी!"

"नको बोलूस," वहिनी म्हणाली. इथे मात्र तिचा आवाज फुटला. "जन्मभर नको बोलूस. पण जन्म पुरा कर."

पोरगी खाली बसली आणि तेव्हा कुठे रडली.

शिलाईवाल्या काकू डोक्याला रंग घेऊन माझ्या खुर्चीत तशाच बसून होत्या. धुवायची वेळ टळून गेली तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. त्यांचे केस पुढे कित्येक दिवस विटकरी राहिले, त्याबद्दलही त्या कधी बोलल्या नाहीत.

पोस्टातल्या बाई धापा टाकत आल्या. "आम्ही काय कमी केलं हो हिला?" हे त्यांचं पहिलं वाक्य. आईच ती, दुसरं काय सुचणार?

"ताई, ते नंतर बघू. आधी तिच्याजवळ बसा," वहिनी म्हणाली, आणि दुकान माझ्या गळ्यात टाकून त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली.

निघताना मी तिला माझी शंका बोलून दाखवली होती, ती तिने तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलीच. त्या म्हणाल्या, "विचारल्याने हा विचार कुणाच्या डोक्यात जात नाही. तो आधीच असतो. विचारलं की बाहेर यायला वाट मिळते." घरातलं काय हाताशी राहू द्यायचं नाही, हेही त्यांनी आईला नीट समजावलं. औषधं सुरू झाली, दर आठवड्याला बोलायला जाणं सुरू झालं. आई तिच्या खोलीत झोपायला लागली. जादू काही झाली नाही. काही दिवस बरे जात, काही जात नसत.

भिंगरीने मात्र आपला शब्द पाळला. वहिनीशी बोलणं बंद. वर वर्गातल्या मुलींना सांगितलं, तिच्याकडे जाऊ नका, ती आईला फोन करते. शाळेतल्या मुली यायच्या बंद झाल्या. इतकी वर्षं सांभाळलेली इभ्रत एका फोनपायी गेली म्हणून मी चडफडत होते. वहिनीने 'खुर्चीतलं खुर्चीत' म्हणणंच सोडून दिलं. दुपारी रिकाम्या खुर्चीची गादी पुसत बसायची. तिला लागलं होतं, नाही कसं म्हणू? पण शाळा सुटायच्या वेळी हातातलं टाकून ती दारात जायची. भिंगरी समोरच्या कडेने, मान फिरवून, फणकाऱ्याने निघून जायची.

"बघितलंस? कसली चिडलीय अजून!" वहिनी आत येऊन सांगायची. असा आनंद मी तिच्या तोंडावर तिच्या स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता. मग टॉवेलने डोळे पुसायची, आणि तोच टॉवेल नीट घडी कर म्हणून मला द्यायची. अशी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि हे मी तिची नणंद असून सांगतेय.

परवा दुपारी दुकानाचं दार उघडलं. भिंगरी होती. केस वाढलेले, विंचरलेले. तिने एका मुलीला मनगटाला धरून आणलं होतं. त्या मुलीची नजर जमिनीवरून हलत नव्हती.

"मी अजून तुझ्याशी बोलत नाहीये," भिंगरी वहिनीला म्हणाली.

"बरं."

"हिचं ऐक." तिने त्या मुलीला मोठ्या खुर्चीत बसवलं. "तू आईला फोन करतेस, ते मी हिला सांगितलंय. म्हणूनच आलीय ती."