हातमोज्यांसकट कोट

उल्हासनगरच्या बाजारात परवा जुन्या लोकरीचा वास आला आणि मी मनाने थेट जर्मनीतल्या कॉलेजच्या दिवसांत पोचलो. सोमवारी परीक्षा होती, तरी पुस्तक पिशवीत टाकून मित्रांसोबत आयुष्यातला पहिला बर्फ बघायला निघालो होतो. गाडीला वीस मिनिटं होती आणि अंगावर कोट नव्हता. जुन्या बाजारात एका आजीबाईंकडे कोट निम्म्या भावात मागितला आणि सवयीने पाठ फिरवली. त्यांनी शांतपणे कोटाची घडी घातली.

"येड्या, हे उल्हासनगर नाही," माझ्यासोबत शिकणारी बदलापूरची स्मिता म्हणाली. "इथे कोणी मागून हाक मारत नाही. जा, घे."

मी चरफडत पूर्ण भाव दिला. आजीबाईंनी वर हातमोजेही फुकट दिले. धावत गाडी पकडताना मला ती दया, म्हणजे अपमानच वाटला होता. आज वाटतं, न मागता मला कोणी दिलं ते तेवढंच.