राणी रंगाची भिंत आणि पानिपतची पायपुसणी

अन्याय झाला तो पानिपतच्या एका रंगाऱ्यावर, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, आमच्या गुडगावच्या ऑफिसात. त्याने रंगवलेली राखाडी पायपुसणी ‘हिरवट आहेत’ म्हणून नापास झाली. ती हिरवट नव्हती. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन, आणि तेव्हा तर सांगितलंच.

आमचं ऑफिस परदेशातल्या दुकानांसाठी इथल्या कारखान्यांतून चादरी, टॉवेल, पायपुसणी बनवून घेतं. माझं काम रंग बघण्याचं. गिऱ्हाईक एक नमुना पाठवतं, कारखान्यातून माल येतो, दोन्ही जुळतात की नाही हे मी सांगायचं. “म्हणजे नुसतं बघायचा पगार?” असं माझी पुण्याची मावशी दर भेटीत विचारते. हो, नुसतं बघायचा. पण बघायला खोली धड लागते. आमच्या रंगखोलीच्या भिंती राखाडी होत्या, मुद्दाम. टेबल राखाडी. आत येणाऱ्याने आपल्या भडक कपड्यांवर चढवायचा कोटसुद्धा राखाडी. कारण डोळा हा अत्यंत बेभरवशाचा प्राणी आहे. शेजारी भडक काही दिसलं की तो साध्या रंगातही भलतंच बघू लागतो.

दिवाळीला मी घरी गेले आणि मागे एचआरच्या मॅडमना कळवळा आला. “त्या खोलीत गेलं की कुणीतरी वारल्यासारखं वाटतं,” असं त्या आधीपासून म्हणत होत्या. मी परत आले तो मंगळवार. दार उघडलं आणि मागे सरकले. समोरची अख्खी भिंत राणी रंगाची! लग्नात असा शालू नेसून वरमाय उभी राहिली की नवरा-नवरी दिसत नाहीत, तो राणी. वर सोनेरी अक्षरांत ‘मुस्कुराइए’. आणि रंग तपासायची जी दिव्यांची पेटी असते, तिच्यात काजू-बदामांचे डबे रचलेले.

“शेल्फ ही था ना?” मॅडम म्हणाल्या.

एवढ्यात पानिपतहून फोन. रंगारी म्हणजे कारखान्याचा मालक, आवाज असा की फोन टेबलावर ठेवून ऐकावा.

“मॅडमजी, कल आपके साहब ने माल फेल कर दिया. हरा बोलते हैं! आज शाम को सारा काले में डाल रहा हूँ. काले में कोई नुक्स नहीं निकालता.”

काळी पायपुसणी आमच्याकडे कुणी मागितलीच नव्हती. ती त्याला बाजारात मिळेल त्या भावाने विकून टाकावी लागली असती.

“शाम तक रुकिए,” मी म्हणाले.

“शाम को ही तो डाल रहा हूँ!”

“थोडी और शाम तक!”

“आप मराठे लोग पानिपत में हमेशा देर से पहुँचते हो,” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

आमचे साहेब मराठी, पण जन्म-शाळा-नोकरी सगळं दिल्लीत. त्यांच्या मराठीत लाल, पिवळा, निळा एवढे रंग टिकलेत, बाकीचे ‘टाइप’ झालेत. अबोली म्हणजे ‘पिंक टाइप’. मोरपंखी म्हणजे ‘ब्लू टाइप’.

“सर, तुम्ही माल बघितलात कसा?”

“बिल्कुल नीट बघितला यार. नमुना टेबलावर ठेवला, त्यांचं पायपुसणं समोर खिळ्याला टांगलं. साफ ग्रीन टाइप.”

“खिळ्याला म्हणजे त्या भिंतीवर?”

“मग काय छताला टांगू?”

मी समजावलं की राणी रंगावर ठेवलेला राखाडी हिरवट दिसणारच, आणि दोन वस्तू दोन जागी ठेवून जुळवतात का कधी? साहेब म्हणाले, “अच्छा, म्हणजे माझे डोळे खराब?” इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण मी दिल्लीत मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीत राहून, चार वर्षं विद्यार्थी-मोर्च्यांची पत्रकं लिहून शिकलेली मुलगी आहे. मी जागेवर जाऊन पत्रक टाइप केलं, मथळा ‘राखाडी भिंत परत द्या’, आणि चिकटपट्टीने राणी भिंतीवर, ‘मुस्कुराइए’च्या बरोबर खाली लावलं.

मॅडम धावत आल्या. “टेप मत लगाओ, रंग निकल जाएगा!”

“यही तो हमारी माँग है,” मी म्हणाले.

हशा झाला, मागणी मान्य झाली नाही. संध्याकाळ जवळ येत होती. साहेब चहाला खाली गेले तेव्हा मी खिळ्यावरचं पायपुसणं काढून टेबलावर ठेवलं आणि टेबलावरचं खिळ्याला टांगलं. नमुनाही पायपुसणंच होतं, त्याच मापाचं. साहेब परत आल्यावर म्हटलं, “सर, एकदाच. शेवटचं.”

त्यांनी कप हातात धरूनच भिंतीकडे बोट केलं. “बघ ना! आज तर कालच्यापेक्षा जास्त हिरवं. त्या पानिपतवाल्याला सांग, आंधळा आहेस का!”

“सर, हा पानिपतचा माल नाही. मागची चिठ्ठी बघा. हा आपल्या गिऱ्हाईकाचा नमुना आहे.”

साहेबांनी चिठ्ठी बघितली. मग टेबल बघितलं. मग भिंत. मग बराच वेळ चहा.

“मग काय,” ते शेवटी म्हणाले, “गिऱ्हाईकाला पण रिजेक्ट करायचं?”

“नाही सर. पानिपतला पास करायचं.”

“चलो, कर. पण भिंतीचं बोलू नकोस. दोन दिवाळ्यांचं बजेट आहे ते.”

फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. उचलला तेव्हा मागे मशीन घरघरत होतं.

“पास है!” मी ओरडले. “पास है, बंद कीजिए!”

तिकडे कुणावर तरी जोरात ओरडल्याचा आवाज. घरघर थांबली. मग त्याचा आवाज, पहिल्यांदाच हळू. “पहली खेप तो गई, मॅडमजी. बाकी बच गया.”

पहिली खेप काळी झाली ती झालीच. त्यातलं एक पायपुसणं त्याने मला पाठवलं, ते माझ्या दारात आहे. काळं कुळकुळीत. त्यात खरंच कुणी खोट काढत नाही, आणि रोज त्याच्यावर पाय पुसताना तेच माझ्या मनाला जास्त लागतं. राणी भिंतीवर आता राखाडी पडदा आहे. भेटीला पाहुणे आले की मॅडम तो सरकवतात.

आता तुम्ही. हो, तुम्हीच. ऑनलाइन मागवलेली चादर तुम्ही जांभळ्या सोफ्यावर पसरता आणि ‘रंग फोटोसारखा नाही’ म्हणून परत पाठवता. तुमच्या त्या एका बोटाचा जाब शेवटी रंगाऱ्यालाच द्यावा लागतो. तेव्हा ते ‘परत करा’चं बटण दाबण्याआधी उठा. चादर दिवसाउजेडी दाराशी न्या, तिचा कोपरा कोऱ्या कागदावर ठेवा आणि मग बघा. तिथेही रंग चुकलेला दिसला तर खुशाल परत करा. पण आधी ती त्या सोफ्यावरून उचला.