द्वारकामावशींच्या गोगलगायी

द्वारकामावशींच्या मुलाचा, अंकुशचा फोन आला तेव्हा दुपारचे साडेतीन झाले असतील. मी मेथी निवडत बसले होते. म्हणाला, "मॅडम, आई गेली. जेवून जरा आडवी झाली होती... उठलीच नाही." मी काय बोलले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की फोन ठेवल्यावर मी पुन्हा मेथी निवडायला बसले आणि सगळी जुडी संपेपर्यंत उठले नाही. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. ऊन फरशीवरून हळूहळू सरकत भिंतीवर चढलं, तेव्हा कुठं मला रिक्षा बोलवायचं सुचलं. पडेगावला त्यांच्या घरी पोचले तर अंगणात माणसं जमलेली, आत मावशी. बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीतले बुडबुडे तेवढे रोजच्यासारखे वर येत होते. टाकीचं मशीन बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

याला आता दीड महिना होत आला. द्वारकामावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. औरंगाबादच्या ज्या महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवत असे, तिथल्या प्रयोगशाळेत त्या परिचर होत्या. सकाळी प्रयोगशाळा उघडायची, टेबलं पुसायची, बरण्यांतलं पाणी बदलायचं, पोरांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या, हे त्यांचं काम. वय विचारलं तर म्हणायच्या, "पोलीस ॲक्शन झाली ना, त्येच्या दुसऱ्या वर्सी माझा जन्म. आमच्या म्हातारीनं तेवढंच ध्येनात ठिवलं व्हतं." माहेर दौलताबादच्या किल्ल्याखालचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांचे यजमान रंगनाथराव शहरातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं सुलट्यासारखी भराभर वाचणारा तो शांत, सडपातळ माणूस.

मी नोकरीला लागले तेव्हा नुकतीच जालन्याहून आले होते. पदवी ताजी होती आणि आत्मविश्वास पदवीहून मोठा. पहिल्याच महिन्यात प्रात्यक्षिकासाठी तळ्यातल्या गोगलगायी मागवल्या. एका ट्रेमध्ये पाणी भरून त्या ठेवल्या, तर सगळ्या कडेवर चढून बाहेर निघायला लागल्या. मी वरून काच ठेवली आणि काचेवर जाडजूड पुस्तक. तासाभरानं येऊन बघते तर पुस्तक टेबलावर, काच अर्धी सरकवलेली आणि मावशी ट्रेपाशी वाकून उभ्या. मी रागावले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ह्या पळत नाईत. दम घ्यायला वर येतेत. हे बघा." मी वाकून पाहिलं. एका गोगलगायीनं पाण्याबाहेर एक मऊ, पारदर्शक नळी काढली होती, लहान बाळानं ओठ पुढं करावेत तशी, आणि तिचं अंग लयीत वरखाली होत होतं. या श्वसननळीची आकृती मी फळ्यावर कितीदा काढली होती. खरी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

त्यानंतर मी त्यांना कधी एकेरी हाक मारली नाही, आणि त्यांनीही पुढं मला मॅडम म्हणणं सोडून ताई म्हणायला सुरुवात केली. रिकाम्या तासाला आम्ही प्रयोगशाळेच्या पायरीवर चहा घ्यायचो. त्या वडिलांबद्दल सांगायच्या. मेंढरांनी एकाच बाजूला पाठ फिरवली की वारा बदलणार, एखादं कळपाच्या कडेकडेनं चालायला लागलं की त्याला काहीतरी दुखतंय, हे सगळं ते नुसतं बसून ओळखायचे. "जनावर सांगत आसतं, ताई. आपल्यालाच फुरसत नसती."

त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी प्रयोगशाळेतली जुनी टाकी भंगारात निघाली होती. मावशींनी रीतसर अर्ज करून ती मागून घेतली आणि रिक्षात मांडीवर ठेवून घरी नेली. त्यात वाळू घातली, पाणवनस्पती लावल्या, चार गप्पी मासे आणि गुलमंडीजवळच्या एका दुकानातून आणलेल्या, सोनेरी शंखांच्या दोन गोगलगायी सोडल्या. दोनाच्या पुढं नऊ झाल्या. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायची. त्या घरातल्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात... पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टाकीत शिरायचं आणि समोरच्या भिंतीवर पाण्याची हलती सावली पडायची. एखादी गोगलगाय काचेवरून अगदी वरपर्यंत चढायची, तिथं क्षणभर थांबायची आणि एकदम काच सोडून द्यायची. मग ती पाण्यातून तरंगत, गिरक्या घेत, सावकाश खाली उतरायची, जणू तिला कुठं पोचायचंच नाही. मावशी हसायच्या. "खेळती ती. म्हणत्यात गोगलगाय अन् पोटात पाय. पायबी हाये आन् लहरबी हाये." रंगनाथराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "दोघी बसा बघत. रिकामटेकड्या." ते टाकीकडं ढुंकूनही बघत नसत.

मग एका उन्हाळ्यात मावशींचा फोन आला. आवाज घाबरलेला. "ताई, समद्या भाईर निघाल्या. पाणी सोडून वर चिकटल्या, झाकणाला. दोन तर दार लावून खाली पडल्यात, उघडतच नाईत." दार म्हणजे शंखाच्या तोंडावरचं झाकण. संकट आलं की गोगलगाय आत जाऊन ते मिटून घेते. मी गेले. खरंच, सात गोगलगायी पाण्याच्या वर, एका कोपऱ्यात एकमेकींना खेटून बसल्या होत्या. मी पुस्तकी कारणं सांगितली. ऊन तापलंय, पाण्यातला प्राणवायू कमी झाला असेल, घाण साठली असेल. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण मासे तर खुशाल हायेत. दम कमी पडला आसता तर त्ये आधी वर आले नसते?" तरी आम्ही अर्धं पाणी बदललं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं त्या दिवसांत. पिंपातलं साठवलेलं पाणी गोगलगायींसाठी काढताना शेजारीण तोंडाला पदर लावून हसत होती. दोन दिवसांत गोगलगायी खाली उतरल्या, चरायला लागल्या. आणि पाचव्या दिवशी पुन्हा सगळ्या वर.

पुढचं मावशींनीच मला सांगितलं. त्या दिवशी त्यांनी सकाळपासून घरातलं काम बाजूला ठेवलं आणि पलंगावर बसून टाकीकडं नुसतं बघत राहिल्या. जेवणं झाली, रंगनाथराव झोपले. चारच्या सुमाराला ते उठले, मोरीत जाऊन त्यांनी आपला तांब्या चिंचेनं घासला. हा त्यांचा जुना शिरस्ता होता, पिण्याच्या पाण्याचा तांब्या ते दुसऱ्या कुणाला घासू देत नसत. तसाच, धड न विसळता, त्यांनी तो पाण्यानं भरला. मग बाहेरच्या खोलीत आले, टाकीचं झाकण उचललं आणि सगळा तांब्या सावकाश आत ओतला.

"आवो, हे काय करताव?"

"तहान लागली आसंल त्यांना. उन्हाचं."

"कवापासून घालताय पाणी?"

"रोजच की. तूच तर सांगितलंस जाताना, शेरडांना पाणी पाज म्हणून." आणि त्यांनी मावशींना आक्का म्हणून हाक मारली. आक्का ही त्यांची थोरली बहीण. तिला जाऊन तीस वर्षं झाली होती.

मावशींनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता. तांबं या धातूचं मी सांगितलं. मोरचूद घालून गोगलगायी मारतात तो तांब्याचाच क्षार, आणि चिंच लावलेल्या भांड्यातून तांबं पाण्यात उतरतं. माशांना जे सोसतं ते गोगलगायींना सोसत नाही, म्हणून त्या पाणी सोडून पळत होत्या. मी उत्साहानं बोलत होते, एक कोडं सुटल्याच्या आनंदात. त्या मधेच म्हणाल्या, "ताई, गोगलगायींचं कळलं. पण त्येंचं बी कळलं हो आज. इतके दिस मला वाटायचं, वय झालं, विसरत्यात..." माझ्या कोड्याचं उत्तर असं निघेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी मग सगळ्या तपासण्या केल्या आणि स्मृती जाण्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल, असं सांगितलं. अंकुश तेव्हा वाळूजला एका कारखान्यात नोकरीला होता, बजाजनगरात दोन खोल्यांत राहायचा. तो धावत आला. दोघांना तिकडं न्यायचं त्यानं ठरवूनच टाकलं. "आणि ती टाकी काढून टाका आधी. बाबा परत काहीतरी ओततील. तिच्यापायी एवढं पाणी आणि एवढा व्याप." मला लाज वाटते सांगायला, पण मीही त्याचीच बाजू घेतली. म्हटलं, मावशी, आता माणसाकडं बघायचं, टाकीचा नाद सोडा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि त्यामुळंच मी ती विसरू शकले नाही.

त्या पडेगाव सोडून गेल्या नाहीत. त्यांनी काय केलं, तर बाजारातून स्टीलचा एक तांब्या आणला. तांब्याचा होता तो वरच्या फळीवर डब्यामागं गेला. चार वाजता रंगनाथराव उठले, स्टीलचा तांब्या चिंचेनं घासला आणि मावशींनी पुढं केलेल्या बादलीत विसळून, भरून टाकीत ओतला. रोज मावशी सकाळी टाकीतलं तेवढंच पाणी काढून तुळशीला घालायच्या, म्हणजे दुपारी त्यांच्या तांब्याभर पाण्यासाठी जागा व्हायची. मी विचारलं, "कशाला हा उद्योग?" म्हणाल्या, "दिसभरातलं तेवढं एकच काम त्येंना याद ऱ्हायलंय, ताई. काम काढून नाय घ्यायचं. भांडं बदलायचं."

असं सहा वर्षं चाललं. ते अंकुशला ओळखेनासे झाले, मला तर कधीच विसरले. बोलणं आटत गेलं. छापखान्यात आयुष्यभर ज्यांनी अक्षरामागून अक्षर जुळवलं, त्यांना शेवटी पाणी हा शब्दही सापडत नसे. पण चार वाजता हात मोरीकडं वळायचे. पाणी ओतून झालं, की ते टाकीसमोर बसून राहायचे, आणि मावशी त्यांच्या शेजारी. कधी मी तिसरी. खोलीत तो हलता, हिरवट उजेड, बुडबुड्यांचा आवाज, आणि काचेवरून जाणाऱ्या गोगलगायीच्या मागून रंगनाथरावांचं बोट अलगद सरकायचं, ओळ वाचावी तसं. एकदा ते अचानक म्हणाले, "लई सावकाश चालती... बरं हाये." तेव्हा मावशींनी त्यांचा हात हातात घेतला. पुढं ते बोलल्याचं मला माहीत नाही. त्याच थंडीत ते गेले.

त्यानंतरची तीन वर्षं मावशी एकट्याच राहिल्या. अंकुशबरोबर धुसफूस होती, पण ती वरवरची. तो दर रविवारी यायचा, डाळ-तांदूळ भरून जायचा आणि टाकीकडं बघून मान हलवायचा. मृत्यूआधी आठ दिवस मी त्यांना भेटले, तेव्हा त्या दमलेल्या दिसत होत्या. काचेवर पाण्याच्या वर गुलाबी अंड्यांचा एक घोस चिकटला होता, तो त्यांनी मला दाखवला. "आता ह्यांना कोण बघंल?" मी म्हटलं, तुम्हीच की. त्या नुसत्या हसल्या.

दिवसकार्य झाल्यावर मी अंकुशला म्हटलं, टाकी मी घेऊन जाते. माझ्याकडं जागा आहे, सवडही आहे. तो उंबऱ्यातून आत टाकीपाशी आला. मग म्हणाला, "नको मॅडम. मी नेतो." टेम्पो करून त्यानं ती बजाजनगरला नेली. मला खरं तर वाईट वाटलं. वाटलं, महिन्याभरात कोरडी पडेल.

गेल्या मंगळवारी सकाळी त्याचा फोन आला. कामावर निघायच्या गडबडीत असावा, मागं कुकरची शिट्टी वाजत होती. "मॅडम, एक गोगलगाय कालपासून खाली उलटी पडलीये. हलत नाही. मेली का? काढून टाकू?" मी विचारलं, वास येतोय का? नाही म्हणाला. मग म्हणाला, "आई काय करायची हो अशा वेळी? मी कधी बघितलंच नाही."

"काही नाही करायची," मी म्हटलं. "समोर बसायची."

तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बायकोनं काहीतरी विचारलं, त्याला तो म्हणाला, "थांब जरा, उशीर झाला तर झाला." मग नुसते बुडबुडे ऐकू येत होते, फोनमधून, दूरवरून आल्यासारखे. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील. मी फोन कानाला लावून डोळे मिटले. आणि मग अंकुश अगदी हलक्या आवाजात, समोरच्याला दचकवायचं नसावं तसं, म्हणाला, "मॅडम... दार उघडतीये."