गरम हाये तवरी

मोठीमायने उभ्या आयुष्यात कुणाला ‘जेवलास का’ असं विचारलं नाही. तिचा प्रश्न एकच, ‘गरम खाल्ला का?’ गार जेवण हे तिच्या लेखी जेवणच नव्हतं. तो उपास, फक्त पोट भरून केलेला. वाढलेल्या भातावरची वाफ विरायच्या आत पहिला घास तोंडात गेला नाही, तर ती ताटच उचलून न्यायची आणि भात पुन्हा वाफवून आणायची. तोवर तुम्ही गप्पा मारत बसलात, तर तुम्हालाही भांड्यात घालून वाफवेल अशा नजरेने बघायची. जीभ पोळल्याशिवाय तिच्या घरून कुणी उठलं नाही. आमच्या अख्ख्या घराण्याला मिरची तिखट लागत नाही, त्याचं कारण हेच. तिखट ओळखणारी कातडी तिने आमच्या बालपणीच शेकून टाकली.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काकांना आम्ही मोठेबाबा म्हणायचो. ते शाळेत मास्तर. माझे बाबा विजेच्या खांबांवर चढणारे लाइनमन. दोन्ही घरं गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात, पाठीला पाठ लावून उभी, मधे कमरेएवढी भिंत. मोठीमायचं माहेर सौंदडचं, रेल्वे स्टेशनला खेटून. मालगाड्यांच्या वर आवाज चढवत ती लहानाची मोठी झाली आणि लग्नानंतर आवाज खाली आणायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नाही. कचारगडच्या मोठ्या गुहेत तिने एकदा आम्हाला ‘चला, गरम हाये तवरी खाऊन घ्या’ अशी हाक दिली, तर तीन अनोळखी कुटुंबं पळत येऊन आमच्या डब्यांभोवती बसली. तिने त्यांनाही वाढलं. हाकेचा प्रतिध्वनी गुहेतून उशिरा परत आला, त्यालाही वाढलं असतं, पण पुऱ्या संपल्या होत्या.

घरात पोवारी, बाजारात हिंदी आणि रागात झाडीबोली, अशी आमच्याकडची वाटणी. मोठीमाय आमच्याशी कायम झाडीबोलीत बोलायची, यावरून काय ते समजा.

तिचं खरं राज्य संत्र्यावर. दिवाळीच्या सुमाराला नागपूरकडून पॅसेंजरने टोपल्या यायच्या, त्यात तळाची संत्री इतकी आंबट असायची की एक फोड चाखली तर डावा डोळा मिटायचा तो भाऊबीजेला उघडायचा. मोठीमाय नेमकी तीच आणायची. तिचं म्हणणं, “आंबट हाये तं फेकू नोको, शेकून पाय.” संत्रं सालीसकट आडवं कापायचं. बिया डोक्यातल्या आकड्याने काढायच्या. आकडा धुतलेला आहे यावर आम्ही विश्वास ठेवायचा. सुरीचं टोक फिरवून फोडी सुट्या करायच्या, वर किसलेला गूळ, चिमूटभर सुंठ आणि तुपाचं एक बोट. मग ती अर्धुकं पळसाच्या पानावर ठेवून चुलीच्या निखाऱ्यांशेजारी शेकायची. गूळ खदखदायला लागला, सालीच्या कडा काळसर झाल्या आणि शेजारपाजारची माणसं काही ना काही निमित्त काढून दारात उभी राहिली, की संत्रं झालं. सालीची वाटी हातात धरायची, चमच्याने आतलं खायचं, फुंकर मारायला परवानगी नाही. सकाळी न्याहारीला हे खाल्लेला माणूस दुपारपर्यंत कुणाशी भांडत नसे. मात्र गार झालं की सारा खेळ खलास. गूळ दगड, साल कडू. “थंडं झालं का संत्रं आन त्याचं साल एकाच वानाचे,” असं ती म्हणायची.

आणि नेमकं हिच्याच हातून, आयुष्यात एकदाच, गार वाढलं गेलं.

नव्व्याण्णव साली आजोबा गेले. तेरवीला अर्धा जिल्हा जेवला. बाबा दिवसभर पंगती उठवत होते, ते बसले शेवटच्या पंगतीला. मोठीमाय दिवसभर वाढत होती, तिने पातेल्याच्या तळाचा भात त्यांच्या पानात टाकला. गार होता. बाबांनी त्याला हात लावला आणि म्हणाले, “बाप गेल्याबरोबर भातही थंडा झाला.” आणि पानावरून उठले. मोठेबाबा म्हणाले, उठलास तर पुन्हा या ओसरीवर बसू नको, तुझ्या घरचा घासही मला नको. बाबा म्हणाले, त्या घरचा दाणा माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. दोघेही आडनावाने पटले. पटल्यांचा शब्द म्हणजे बोअरवेल. एकदा खाली गेला की वर ओढायला मशीन लागतं.

गंमत अशी की भांडण फक्त दोन भावांचं आणि अन्नाचं. बाबांनी भिंतीपलीकडे बोलणंच सोडलं. बाकी आम्ही सगळे भिंतीवरून खुशाल ये-जा करायचो, फक्त रिकाम्या हातांनी. आई आणि मोठीमाय भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून दुपारभर बोलायच्या, आपापला चहा आपापल्या बाजूला ठेवून. कुणाची बशी चुकूनही हद्द ओलांडत नसे.

मोठीमायला मात्र ते गार वाढणं फार लागलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा बाबा दुसरीत होते, नाक वाहतं आणि पाटी कोरी. तिनेच त्यांना चुलीतल्या कोळशाने ओट्यावर बाराखडी गिरवून दिली, आणि एक ओळ झाली की एक शेकलेलं अर्धुक, अशा बोलीवर शिकवलं. ती मला एकदाच म्हणाली होती, “दुनियाले गरम वाढलं बापा, आन थंडं कोनाले गेलं तं त्यालेच.” त्या दिवशी तिचा आवाज इतका हळू होता की मला वाटलं, माझेच कान गेले. दिराला एकदा, फक्त एकदा, आपल्या हातचं गरम खाऊ घालायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पाच दिवाळ्या गेल्या.

मधल्या काळात तिच्याकडे गॅस आला आणि चूल गेली. गॅसवर तव्यात संत्रं करून बघितलं तर त्याचा पाक झाला. तेव्हा तिची नजर बेकरीकडे वळली.

दिवाळीआधी आमच्याकडे सगळे आपापला मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जातात आणि नानकटाई भाजून आणतात. गोंदियाच्या बाजारातल्या त्या बेकरीत लाकडाची भट्टी होती आणि भट्टीपुढे उस्ताद. रांग अशी लागायची की शेवटच्या माणसाची नानकटाई संक्रांतीला तयार व्हावी. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. पण कुडव्यात दगड भिरकावला तर पटल्यालाच लागतो आणि तो परत भिरकावणाराही पटलेच निघतो. उस्ताद वैतागून म्हणायचे, “आधा कुडवा पटले, बाकी आधा उनका रिश्तेदार. काम भी लिखो भाई.” म्हणून आमची चिठ्ठी ‘पटले लाइनमन’, तिची ‘पटले मास्तर’. आमची मी घरूनच लिहून नेली होती. तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि रांगेत उभं राहणं हे माझं एकमेव कर्तृत्व होतं.

त्या वर्षी मोठीमाय लुनावर आली ती टोपलीभर कापलेली संत्री घेऊन. मला म्हणाली, माह्या मांगं राह. उस्तादांनी टोपली पाहिली आणि हातातलं लांब दांड्याचं फावडं खाली ठेवलं. म्हणाले, बहनजी, ये भट्टी है, फल का ठेला नहीं. रस सांडला तर अख्ख्या मोहल्ल्याची नानकटाई वाया जाईल. मोठीमाय म्हणाली, सगळ्यांचं झाल्यावर ठेव, भट्टी उतरतीला लागली की ठेव, मी थांबते. उस्ताद म्हणाले, नहीं. तिने मग आपला आवाज थोडासा, म्हणजे तिच्या मानाने थोडासा, चढवला. बरणीतली बिस्किटं तडकली असं मी म्हणणार नाही, पण ती पुढे कुणी विकत घेतली नाहीत. उस्तादांनी ट्रे ओढला.

सगळ्यांत शेवटी, माझ्या नानकटाईच्या ट्रेशेजारी, सोळा अर्धुकं आत गेली. पाच मिनिटांनी वास सुटला. डबे भरून निघालेल्या बाया परत फिरल्या. समोरचा कापडवाला गिऱ्हाईक टाकून आला, त्याच्यामागून गिऱ्हाईकही आलं. बाहेर उभ्या बैलाने जोत सोडून तोंड भट्टीकडे वळवलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. उस्तादांनी एक अर्धुक चाखलं, बोटं चाटली आणि म्हणाले, “अगले साल पहले नंबर पे आना.”

आमचे दोन डबे जुळे होते, आजोबांनी दोन्ही सुनांना एकाच दुकानातून घेऊन दिलेले. मोठीमायने मला सायकल काढायला पाठवलं. परत आलो तर दोन्ही डबे फडक्यात घट्ट बांधलेले, वर चिठ्ठ्या खोचलेल्या. एक माझ्या कॅरिअरवर बांधून ती म्हणाली, “सरळ घरी. रस्त्यात देव भेटला तं त्यालेही हात दाखव, थांबू नोको.”

नानकटाईला एवढी घाई कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण मागून ती लुनावर येत होती आणि ‘हान बापा, हान’ ओरडत होती. कुडवा नाक्याला मी एक ट्रॅक्टर मागे टाकला. पुढे एक जीप. कॅरिअरवरचा डबा माझ्या पाठीला इस्त्री करत होता. घरी पोचलो तेव्हा सायकलची घंटी न वाजवता वाजत होती.

नानकटाईचा डबा उघडायचा मान आमच्याकडे बाबांचा. त्यांनी डबा मांडीवर घेतला, चिठ्ठी वाचली, ती बाजूला ठेवली, गाठ सोडली आणि झाकण उघडलं. वाफेने त्यांचा चष्मा पांढरा झाला. आत पंधरा अर्धुकं, गूळ अजून बुडबुडत होता. आईने तोंडाला पदर लावला. मी चिठ्ठी उचलली. ‘पटले लाइनमन’ बरोबरच होतं, पण अक्षर माझं नव्हतं. त्यातला ‘ल’ जिलबीसारखा वळलेला होता. असा ‘ल’ जिल्ह्यात एकच हात काढायचा. मी चिठ्ठी मुकाट्याने खिशात घातली.

बाबा म्हणाले, “परत ने.”

तेवढ्यात मागच्या भिंतीवरून आवाज आला. “भाऊजी, आमचा डबा तिकडं आला वाटते. उस्तादचा घोटाळा झाला असन.” डबा बाबांच्या मांडीवरच. मोठीमायला भिंतीपलीकडून घरातलं काहीच दिसत नव्हतं, पण वाफ किती उरली हे तिला पक्कं माहीत होतं. ती म्हणाली, “परत पाठवान तं थंडं होऊन येईन. मी घेनार नाई जी. या हातानं एक डाव थंडं वाढलं, तेवढं पुरे झालं.”

आमच्या घरात भिंतीवरचं घड्याळ नव्हतं, तरी मला टिकटिक ऐकू आली. बाबांनी चष्मा पुसला. चमचा घेतला. फुंकर न मारता पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, साल पार कोरी केली. मग भिंतीकडे तोंड करून, पाच वर्षांनी, पहिलं वाक्य बोलले.

“वहिनी, गूळ जास्त झाला.”

पलीकडून ती जे हसली, ते सौंदडपर्यंत गेलं असणार. बाबा पुढे म्हणाले, “दादासाठी ठेवलं का काही?” दादासाठी काहीच ठेवलेलं नव्हतं. दादा आपल्या ओसरीवर आमची नानकटाई खात बसले होते, सातवी की आठवी, आणि ती आमची आहे हे कळल्यावर त्यांनी नववी घेतली. दोघांचा शब्द एकाच दिवशी मोडला, म्हणून कुणाचाच मोडला नाही. मोठेबाबा भिंत ओलांडून आले. त्या वयात, धोतरावर. उरलेली अर्धुकं दोघा भावांनी एकाच डब्यातून संपवली. आम्हाला साली चाटायला मिळाल्या.

पुढे दर दिवाळीला सोळाची बत्तीस झाली. घोटाळ्याचा ठपका उस्तादांनी आनंदाने स्वतःवर घेतला; गिऱ्हाइकांना सांगायचे, “गलती मेरी थी, और बढिया थी.”

दहा-अकरा वर्षांनी एका थंडीत मोठीमाय गेली. चार दिवसांचा ताप. मोठेबाबा तिच्या कपाळावरचा हात काढत नव्हते. म्हणाले, “जलमभर लोकाईले गरम देल्लं, आता एकटीच तापून राहिली.”

तेरवीला भाताच्या पातेल्याला बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. साठीचा माणूस, चुलाण्यावरून भात काढत होता आणि पंगतीतून धावत होता. वाफ दिसत नाही तिथला भात परत, नवा वर. आणि प्रत्येक पानाशी तेच, “गरम हाये तवरी खा.” आवाज तिच्याइतका नव्हता, पण सूर तोच.

शेवटच्या पंगतीआधी मला राहवलं नाही. इतकी वर्षं पाकिटात जपलेली चिठ्ठी मी त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, बाबा, त्यात उस्तादची काहीच चूक नव्हती.

त्यांनी चिठ्ठी हात लांब करून पाहिली. “मले कायले दाखवतं? मी तवाच वाचली होती. झाकन उघडाच्या आंधी.”

“मंग ‘परत ने’ काऊन म्हनलं?”

“त्या ‘ल’नं मले लिवनं शिकवलं,” ते म्हणाले. “लगेच खाल्लं असतं तं तिले वाटलं असतं, मी वाटच पाहून राहिलो होतो.”

चिठ्ठी त्यांनी माझ्याकडे परत दिली नाही. आपल्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि पातेलं उचललं.

“सरक. भात थंडा होऊन राहिला.”