कुंपणाकडेची रुई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. कारेगावजवळच्या एका कंपनीच्या बागेत मी हंगामी कामाला होतो, हुसेनमामांच्या हाताखाली. मामा साठीला आलेले, गावातलेच. साहेबांसाठी गुलाब वाढवायचे, पण त्यांचा जीव कुंपणाकडेच्या रानझाडांवर — नेपती, तरवड, रुई. वैशाखात सगळा माळ करपलेला असताना हीच तेवढी फुललेली. नेपतीच्या लाल फुलांवर मध चोखणारी शिंजीर पाखरं, तरवडाच्या पिवळ्या फुलांवर भुंगे. रुईच्या पानाखालची पट्ट्यापट्ट्यांची अळी, तिचं फुलपाखरू होतं, हे मला मामांनीच दाखवलं होतं.

कंपनीत पाहुणे यायचे होते. रानझाडांच्या बुडाशी गवत माजलेलं. ते खुरप्यानं काढ, असं मला बजावून मामा दुपारी नमाजाला गेले. उन्हात चार तास बसून खुरपायचं? — मी पंप पाठीवर घेतला अन् तणनाशक मारलं. वारा सुटला होता. ते मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

चार दिवसांत रुई पिवळी पडली, तरवडाची फुलं गळाली. त्याचं कुणाला काही नव्हतं. पण फवारा वाऱ्यानं गुलाबांवरही गेला होता, पानं वाकडी होऊन कळ्या जळाल्या. पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते.

साहेबांनी आम्हा दोघांना उभं केलं. पंप कुणाच्या सांगण्यावरून मारला, विचारलं. नोकरी जाणार, एवढंच मला दिसत होतं — अन् मी म्हणालो, "मामांनी सांगितलं."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. आता बोलतील, आता बोलतील, असं मला वाटत राहिलं. ते साहेबांना एवढंच म्हणाले, "हाताखालच्या मानसाचं काम म्हंजी माझंच काम."

त्याच दिवशी त्यांचा हिशेब झाला. सायकल घेऊन ते गेटपाशी थांबले. मी खाली बघत उभा.

"रुईवर अळ्या व्हत्या," ते म्हणाले. "आधी बोलला असतास, तर मी उचलून दुसरीकडं सोडल्या असत्या."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं का? माहीत नाही.

पुढं दीड वर्षानं मामा वारले. त्या दीड वर्षात मी त्यांच्या घराकडं एकदाही फिरकलो नाही.

त्यांना काढलं त्याच वर्षी, पावसाळ्याआधी, त्यांची जागा मला मिळाली, कायम म्हणून. मी ती घेतली.